क्लचपर्यंत पाय पोचायला नको?

मंडळी, जुन्या गाडीनं लेहला जायचं, निम्मं अंतर मी चालवायचं, असं आमचं ठरलंय. चार महिने नवरा गाड्याच बघतोय. आज निपाणीतली एक अ‍ॅम्बॅसिडर त्यानं पसंत केली.

मी म्हटलं, जरा चालवून बघते. पाठीशी उशी घेतली, तरी क्लच पूर्ण दाबायला पाय पोचेना.

"होईल गं सवय," नवरा म्हणाला.

गाडीचे म्हातारे मालक शांतपणे म्हणाले, "घाटात सवय व्हायची न्हाय. आधी आक्कांना बसवून बघायचं की." आणि त्यांनी किल्ली खिशात टाकली.

घरी परतताना बेळगावपर्यंत नवरा फुगलेलाच. मला राग गाडी हुकल्याचा नाही. चार महिन्यांत त्यानं मला एकदाही विचारलं नाही, याचा आहे.

तुमच्या घरी गाडी घेताना तुम्हाला कुणी विचारलं होतं?