मास्तरांचं निनावी मत

मास्तर कुठेही बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागायचा. बावीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गाडी शिकवली, की ही खोड लागतेच. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. न्हाव्याच्या खुर्चीत तो नसतो, दातांच्या दवाखान्यातही नसतो, पण पाय बिचारा शोधत राहतो.

दुसरी खोड याहून वाईट. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे. हॉटेलात वेटर ट्रे घेऊन मागे सरकला, तरी हे टेबलावरून ओरडणार, "आरसा बघा! खांद्यावरून बघा! मगच मागे!"

या खोडीनेच घात केला.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर बेकायदा मोटारशर्यतींची एक मालिका लागली होती. मास्तर ती नाक मुरडत बघायचे, पण एकही भाग चुकवायचे नाहीत. चौथ्या भागात नायकाने पुलाजवळचं उताराचं वळण चक्क तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं आणि मास्तर ताडकन उभे राहिले.

"तिसरा? अरे गाढवा, मरशील!"

"मरू दे हो," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "तसाही मेल्याला अभिनय येत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाहिनीला पत्र लिहिलं. खाली नाव घातलं नाही, नुसतं 'एक जाणकार'. पेटीत टाकलं आणि कसं हलकं हलकं वाटलं. ते हलकेपण घरचा जिना चढेपर्यंत टिकलं. तिसऱ्या पायरीवर आपण काय लिहून बसलो ते आठवलं, आणि मास्तर कठडा धरून तिथेच बसले.

कारण उदाहरण दिल्याशिवाय मास्तरांना शिकवता येत नसे. आणि उदाहरण म्हणून त्यांनी साबणाच्या कारखान्यामागचं वळण दिलं होतं.

त्या वळणावर चोवीस वर्षांपूर्वी बायकोच्या थोरल्या भावाचा पाय गेला. म्हणजे गेला नाही, पण चार बोटं आखूड झाला. दादा तेव्हापासून एका बुटाला जाड तळ लावून चालतो. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की दादा पहाटे एकटाच शर्यतीत उतरला आणि भिंतीवर आदळला. बायको दर भेटीत त्याला सुनावायची, "हौस फिटली ना एकट्याची?" दादा हसून पाणी मागायचा.

दादा एकटा नव्हता. दादा तर चालवतही नव्हता. पण मास्तरांचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि भिंतीशी पडल्या पडल्या दादा म्हणाला होता, "तू पळ. मी एकटा होतो."

मास्तर पळाले होते.

मालिका सातव्या भागानंतर बंद पडली. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्ध्यातच अडकला. पडद्यावर पाटी आली: रविवारी दुपारी प्रेक्षकांची निवडक पत्रं वाचून दाखवू. त्या आठवड्यात मास्तरांनी एका शिकाऊला लाल दिव्यात "चला, चला" म्हटलं. जेवण जाईना. टीव्हीची तार काढून ठेवावी असंही मनात आलं, पण बायको विचारेल "का?", आणि त्या 'का'ला उत्तर नव्हतं.

रविवारी दादा जेवायला आलेला. तिघंही टीव्हीसमोर बसली. निवेदिकेच्या आवाजात साखर ओतप्रोत.

"नमस्काऽऽर! पहिलं पत्र आहे एका आजींचं. 'त्या पोराला सात भागांत कुणी एक घास दिला नाही. उपाशी पोटी गाडी चालवतात का?' किती गोऽड!"

"बरोबर बोलल्या," बायको म्हणाली.

"एक निवृत्त लेखनिक लिहितात, 'माझे नम्र मत असे की, मालिका बंद केलीत हे उत्तम झाले. तथापि शर्यत कोण जिंकले ते उलटटपाली कळवावे. तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडला आहे.'"

दादा खो खो हसला. मास्तरही हसले, पण आवाज फुटला नाही. निवेदिकेच्या हातात आणखी पत्रं होती. ती एकेक उचलायची आणि मास्तरांचा पाय सतरंजी दाबायचा. निळा कागद: नाही. गुलाबी: नाही. मग आला रेघांचा पिवळट कागद, शिकाऊंच्या हजेरीच्या वहीतला.

"हे सही करतात 'एक जाणकार'! लिहितात, 'नायकाला गाडी येत नाही. साबणाच्या कारखान्यामागे असंच वळण आहे. तिथे रस्ता भिंतीकडे कलतो. मी गिअर खाली आणला होता तरी गाडी ओढली गेली. मी ब्रेक दाबून धरला, शेजारी बसलेला "सोड, सोड" म्हणाला. त्याचं ऐकायला हवं होतं.' अय्या, किती अनुभवी प्रेक्षक! पुढचं पत्र..."

बायकोने आवाज बंद केला. पडद्यावर निवेदिकेचे ओठ हलत राहिले.

"दादा," ती म्हणाली, "हे तुझं वळण. तू लिहिलंस?"

दादाने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सतरंजीवरचा पाय आणखी दाबला.

"हो. मीच," दादा म्हणाला. "सहज आपलं."

"मग शेजारचा कोण? तू तर एकटा होतास."

"अगं, पत्रात जरा मीठमसाला लागतो. एकटाच होतो मी. वळण आलं, मी तिसरा टाकला, आणि..."

"दुसरा," मास्तर म्हणाले.

तोंडातून गेलंच. दादाने कपाळाला हात लावला.

"तुम्हाला काय माहीत?" बायकोने विचारलं.

मास्तर सतरंजीची कड दुमडत म्हणाले, "स्टिअरिंग... माझ्या हातात होतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती दादाच्या जाड तळाच्या बुटाकडे बघत राहिली.

"चोवीस वर्षं मी ह्याला बोलले," ती म्हणाली. "जेवायला वाढता वाढता बोलले."

"जाऊ दे गं," दादा पुटपुटला.

"तू गप्प बस. तू पण त्यातलाच." तिने उठून खिळ्यावरची शिकवण्याच्या गाडीची किल्ली काढली. "चला. ते वळण दाखवा मला. मी चालवते."

"तू? तुला कुठे येतं?"

"कसं येईल? दर वर्षी विचारते, दर वर्षी तुम्ही म्हणता, घरच्यांना शिकवता येत नाही. आता शिकवा. दादा, तू मागे बस."

गाडी सुरू झाली, दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उसळली. समोर गल्लीचं तोंड, पलीकडे वाहता रस्ता. गाडी जागची हलत नव्हती, इंजिन नुसतं कण्हत होतं.

"अहो," बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "ब्रेकवरचा पाय काढा."

मागून दादा हलकेच म्हणाला, "या वेळी ऐक रे. सोड."

मास्तरांनी डोळे मिटले आणि पाय उचलला.