रिकाम्या ताटाचे फोटो

अमेरिकेत रेडमंडला असताना मुलाने आपल्या आईसाठी फोनमध्ये एक प्रोग्रॅम बनवला होता. तो चुकीचा निघाला असं तो आजही समजतो. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. त्याला खोटी माहिती मी देत होतो, आणि हे कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली.

२००६ च्या शेवटी आम्ही दोघं नागपूरहून मुलाकडे राहायला आलो. तिथल्या पावसाळी थंडीत हिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, पण अंगात काही उरलं नाही. भिंत धरून बाथरूमपर्यंत जायची आणि परत आल्यावर पलंगावर बसून दम घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषधं संपली, आता जेवणच काय ते करील. अंडी, डाळ, दही पोटात गेलं पाहिजे, वजन वाढलं पाहिजे, तोवर इतका लांबचा विमानप्रवास नको. हिला मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला नागपुरात असायचं होतं. आमच्या विहारात त्या दिवशी खीर वाटतात, आणि ती ढवळायला ही नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

मुलाने ऑफिसला बसने जाता-येता दोन आठवड्यांत प्रोग्रॅम लिहिला. ॲप हा शब्द तेव्हा आमच्या घरात आला नव्हता. दुपारी जेवणाच्या वेळी फोन वाजायचा. ताटाचा एक फोटो जेवणाआधी काढायचा, एक नंतर. मग पडद्यावर तीन चित्रं यायची, भरलेलं ताट, अर्धं ताट आणि रिकामं ताट. त्यातलं जे खरं असेल त्याचं बटण दाबायचं. रिकामं ताट दाबलं की पडद्यावरच्या झाडाला एक पान फुटायचं आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर नोंद व्हायची. महिन्याने ती नोंद छापून डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. हिला त्या बारीक बटणांचा कंटाळा, आणि दुपारी घरात आम्ही दोघंच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मला ते फार आवडलं. मी नोकरीभर वजनमापे निरीक्षक होतो. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे दुकानदार मी पकडले आहेत. एखादं यंत्र मोजतं म्हणजे नेमकं काय करतं, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्याच दिवशी मी नुसत्या टेबलाचा फोटो काढून बटण दाबलं. पान फुटलं. मग माझ्या चपलेचा काढला. तरी पान फुटलं. संध्याकाळी मुलाला विचारलं, याला ताट ओळखू कसं येतं?

"बाबा, त्याला काहीच ओळखता येत नाही. फोटो नुसता सेव्ह होतो. तुम्ही जे सांगाल तेच त्याला कळतं."

म्हणजे सगळा भार दाबणाऱ्याच्या शब्दावर होता. हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

सून कामावर जाण्याआधी हिच्यासाठी मऊ पोळी, घट्ट वरण आणि अंड्याचा रस्सा करून ठेवायची. मला अंडं पचत नाही असं मीच कधीतरी सांगितलं होतं, म्हणून माझ्यासाठी वेगळी भाजी असायची. ही चार घास खायची आणि थांबायची. तिच्या माहेरी उरलेला घास कोणाच्या ना कोणाच्या ताटात जायचा, केरात कधी गेला नाही. ती आपलं ताट माझ्याकडे सरकवायची.

"घ्या ना. पोरीने एवढं केलंय."

मी घ्यायचो. ताट लख्ख व्हायचं, मी फोटो काढायचो आणि रिकामं ताट दाबायचो. ताट रिकामं होतं हे काही खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घालत असे. शिवाय सात पानं झाली की पुढे काय होतं, हे मला बघायचं होतं. फूल आलं. चौदा पानांनंतर फांदीवर पक्षी बसला. मुलगा घरी आला की बूट काढण्याआधी झाड बघायचा. आणि खरं सांगायचं तर रस्सा चांगला व्हायचा आणि मला पचायचाही. रात्री ही थोडंच खायची, पण दुपारी सगळं जेवली आहे म्हणून कोणी आग्रह करत नसे.

महिन्याने तिचं वजन तीन पौंडांनी उतरलं. माझा पट्टा एक भोक पुढे गेला. बाबांना अमेरिका मानवली, असं सून म्हणाली आणि सगळे हसले. डॉक्टरीणबाई मात्र छापलेला कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. इतकं खाऊन वजन उतरतंय म्हणजे आत काहीतरी दडलेलं असणार, असं त्यांचं मत पडलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही, म्हणून तीही बोलली नाही.

मग रक्ताच्या नळ्या सुरू झाल्या. दंडावर निळे डाग पडले. पुढे स्कॅन झाला, घशातून नळी घालून पोट बघितलं. शेवटी आतडी तपासायची ठरली. त्याच्या आदल्या दिवशी काही खायचं नसतं आणि पोट साफ होण्यासाठी एक मोठा कॅन भरून खारट पाणी प्यावं लागतं. दुपारी चारला ती कॅन पुढ्यात घेऊन बसली. दोन पेले कसेबसे संपवले. तिसरा भरून तिने माझ्यापुढे धरला.

"हेही तुम्ही घेता का?"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. मी मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तो त्या दिवशी आईसाठी घरी थांबला होता, फोनवर बोलत होता. मी परत आलो आणि तिचा पेला धरून बसलो.

तपासणीत काही निघालं नाही. नंतरचे आठ दिवस ती उठू शकली नाही. बुद्धपौर्णिमा रेडमंडलाच गेली.

त्यानंतर तिच्या ताटाला मी हात लावला नाही. जसं असेल तसं बटण दाबू लागलो, बहुतेक अर्धं ताटच. सुनेने ते बघितलं आणि काही न विचारता दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी द्यायला लागली. सकाळी कामावर जाण्याआधी वाट्या भरून फ्रिजमध्ये लावून ठेवायची. कधी दही, कधी अर्धं अंडं, कधी सातूचं पीठ. वजन वाढायला लागलं. दसऱ्याला आम्ही नागपुरात होतो.

निघण्याआधी एका रविवारी मुलगा ग्राफ काढून बसला होता. फ्रीमाँटचा एक मित्र आणि श्रूजबरीचा एक, दोघांनाही आपापल्या आईवडिलांसाठी तो प्रोग्रॅम हवा होता. मी चहा घेऊन मागे उभा होतो. पूर्ण ताटं असताना वजन खाली, अर्धी ताटं असताना वजन वर.

"यार, हे सगळं उलटंच आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "या डेटाला काही अर्थ नाही."

तिथेच बसून त्याने दोघांनाही फोन केला आणि प्रोग्रॅम द्यायचं कॅन्सल केलं. माझ्या एका वाक्याचं काम होतं. मी चहा ठेवला आणि बाहेर आलो.

ही पुढे बरीच वर्षं होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त जेवताना कधीकधी ताट माझ्या बाजूला थोडं सरकवायची, माझ्याकडे बघायची, आणि परत आपल्यापुढे ओढून घ्यायची.

ते फोटो मुलाकडे अजून आहेत. त्याने माझ्या शब्दावर जाऊ नये, स्वतः तपासावं. जेवणानंतरच्या फोटोंत डाव्या कोपऱ्यात माझ्या ताटाची कड येते. रस्सा फक्त त्याच्या आईसाठी असायचा. त्या कडेला लागलेला तांबडा ओघळ तोच आहे.