आपण मधातले लोक

बोलता बोलता काकाजी उजवा तळवा छातीसमोर आडवा धरायचे. "याच्या वरते श्रीमंत, खालते गरीब. आपण मधातले, गुरुजी." गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हाही 'आपलं गाव दोन जिल्ह्यायच्या मधातच राह्यलं' म्हणून ते खूश होते. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल.

मोहाडीजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर आणि ते विणकर. सारं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. एके काळी त्यांच्या घरात तीन माग होते. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा एकच उरला होता आणि त्यावर कोळी जाळं विणत होता. घरात दोन वेळचं जेवण व्हायचं, पण दोन्ही वेळा एकाच दिवशी येतील असं नाही. तरी स्वस्त धान्याचा विषय निघाला की काकाजी तापायचे. "फुकटचं खाऊन लोक आळशी होऊन राह्यले!" त्यांची बायको, आमच्या काकू, दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत मजुरीनं रोवणीला जायच्या. त्याबद्दल ते म्हणायचे, "पाय मोकळे कराले जाते."

मग गरिबांच्या यादीचा सर्व्हे आला. ज्याच्या घरी टीव्ही, पंखा नाही त्याचं नाव यादीत आणि त्याला स्वस्त धान्याचं पिवळं कार्ड, असा साधा हिशेब गावानं करून टाकला. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी जो तो सामान लपवायला जागा शोधू लागला. काकाजींना तर यादीत यायचंच नव्हतं, आणि त्यांची मागांची खोली त्या एका मागाशिवाय रिकामी होती. झालं!

मी पोचलो तेव्हा त्या खोलीत पाच टीव्ही, सात पंखे आणि प्लास्टिकसकट सोफा होता. काकू सोफ्याच्या कडेवर पाहुणीसारख्या अंग चोरून बसल्या होत्या.

"काकाजी, पाच टीव्ही?"

"एखांदा बिघडते ना."

"पण तुमच्याकडे विजेची लाईन कुठं आहे?"

"मधातले लोक आधी सामान घेतात. लाईन येईन सावकाश. लिवा तुमी."

एका टीव्हीवर माझ्याच बायकोनं विणलेला रुमाल होता. तो टीव्ही माझ्या मोठ्या भावाचा. मला मान वर करवेना. मी काकाजींच्या फॉर्मवर 'काही नाही' लिहिलं, आणि भावाच्याही.

काकू फाटकापर्यंत आल्या. "नाव येईन ना, गुरुजी? यंदा माह्यानं रोवणी होत नाही."

"येईल," मी म्हणालो.

ग्रामसभेत यादी वाचली गेली. पहिलंच नाव काकाजींचं. ते ताडकन उठले. "मी गरीब? माह्या घरी पाच टीव्ही निघाले! गुरुजीनं सोताच्या डोयानं पाह्यले. इचारा त्यायले!"

टीव्ही त्यांचे नव्हेत म्हणावं, तर मग कोणाचे, हे सांगावं लागलं असतं. सरपंच म्हणाले, "काकाजी गरीब नाहीत असं ज्याले वाटते त्यानं हात वर करा."

भराभर हात वर गेले. शेजारी भावाचा गेला. माझाही गेला, हातात पेन होतं तसाच. मला अजून त्याची लाज वाटते. काकाजी चहूकडे पाहत होते. सत्कार व्हावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता. बायकांमध्ये मागे बसलेल्या काकूंचा हात तेवढा पदराखाली राहिला.

संध्याकाळपर्यंत सगळे आपापले टीव्ही घेऊन गेले. त्या वर्षीही काकू रोवणीला गेल्या.

पुढे काकाजी खाटेला खिळले. मी तांदूळ घेऊन गेलो तर त्यांनी मूठभर हातात घेऊन विचारलं, "सरकारी त नाही ना?"

"घरचे आहेत," मी म्हणालो. ते भावाच्या पिवळ्या कार्डावरचे होते.

"तरीच. मधातल्याचा दाणाच वेगळा." तळवा छातीसमोर धरायला गेले, तो छातीवरच टेकला.

ते गेल्यावर पुन्हा यादी निघाली. मी काकूंकडे गेलो आणि त्यांच्यासमोरच त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

"नाव असू द्या, गुरुजी. पण सभेत मोठ्यानं वाचू नोका," त्या म्हणाल्या. "त्यायले ऐकू जाईन."