बकरीला शिकवायला चाटलेला निवडुंग

मी निवडुंग चाटला आहे. चारचौघींसमोर, जीभ लांब काढून, आणि तोही एका बकरीला अक्कल शिकवायला. तेव्हा माझं वय सतरा-अठरा, आणि राग असा की चूल पेटवायला वेगळी काडी लागू नये.

रागाला कारण होतं. मोठ्या जावेचं बाळ चार महिन्यांचं, आणि तापात तिचं दूध आटलेलं. दारात गाय-म्हैस नाही. लेकरू जगत होतं ते आमच्या एकुलत्या बकरीच्या दुधावर. त्या साली पाण्याने दगा दिला, रानात हिरवी काडी राहिली नाही. सासऱ्यांनी सांगून टाकलं, कडबा बैलांचा, बकरीला त्यातलं पानही नाही. दूध वाटीभरावर आलं. मग सासूबाई म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी बकरी मानोऱ्याला नेऊन विका, पोराला वरणाचं पाणी पाजू. बैल जगले पाहिजेत हे मलाही कळत होतं. पण वरणाच्या पाण्यावर चार महिन्यांचं लेकरू जगतं काय, हे घरातल्या एकाही पुरुषाने विचारलं नाही. आज ते आठवलं तरी माझं डोकं तापतं.

गावाभोवती तेव्हा फड्या निवडुंगाचं कुंपणच होतं. पुढे किडा लागून तो गेला. तांड्यावरची एक बाई सरपण विकायला यायची. तिने सांगितलं, आमच्या बकऱ्या हाच खाऊन आहेत. निवडुंगाचं जाड पान, फडा, जाळावर धरून काटे जाळायचे, तुकडे करून तुरीच्या भुशात, कुटारात कालवायचे. ती आणखीही सांगत होती, की मोठ्या काट्यांच्या बुडाशी बारीक कूस असते, तीच खरी वैरीण, म्हणून फडा दोन्ही अंगांनी काळा पडेस्तोवर सोडायचा नाही. पण मी अर्ध्यातच उठले होते. काटे जाळायला काय शिकायचं, हा माझा तोरा. जाऊ मात्र बाळ मांडीवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत बसली.

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून मी पाच-सहा फडे जाळावर धरले. मोठे काटे जळालेले दिसले की फडा बाजूला. तुकडे करून टोपलं बकरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि पाठ फिरवली. ओसरीवर सासूबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आता तूच खाय."

दुसरी एखादी गप्प बसली असती. मी एक फोड उचलली, बकरीच्या तोंडासमोर धरली, "पाह्य, असं खातेत" म्हटलं, आणि चाटली.

घटकाभरात जीभ सुजून तोंडात मावेना. सासूबाईंनीच मला उन्हात बसवलं, पदराने जीभ धरली आणि काटे काढायच्या चिमट्याने एकेक कूस उपटत राहिल्या, शिव्या देत. मला उलट बोलायचं होतं. कडब्याचं, वरणाच्या पाण्याचं, पुष्कळ साठलं होतं. निघत होतं नुसतं 'आं आं'. शेजारणी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. आज मीही हसते त्या पोरीला. तेव्हा मात्र कोणाला तरी कडकडून चावावंसं वाटत होतं, आणि तोंड तर सासूबाईंच्या ताब्यात.

तेवढ्यात जावेने बाळ खाली ठेवलं, पुन्हा जाळ केला, ताजे फडे आणून पोत्याने घासले आणि पार काळे होईपर्यंत भाजले. गार करून बारीक चिरले, थोडे थोडे कुटारात कालवले. बकरीने हुंगलं. एक फोड चघळली, मग दुसरी. टोपल्याचं बूड दिसेपर्यंत तिने मान वर केली नाही.

सासूबाई हातातलं काम थांबवून बकरीकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझी जीभ सोडली, चिमटा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बकरी राहू दे, पोरी. या घरात एक तं शहाणी पायजे."