मोठ्या बैलाची जोडी

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी बैलांचा धंदा करायचो. तिथं पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस दर बाजारी एकच दांडगा बैल घेऊन येई. प्रत्येक बैलाशेजारी तो आपला बैल उभा करी, दोघांच्या खांद्यांवर आडवी काठी धरी, मान हलवी आणि पुढे जाई.

मला तो बैल हवाच होता. एकदा मी त्या माणसाला चहाच्या टपरीवर गाठलं. टीव्हीवर आपली टीम नुकतीच हरली होती. मोठ्या फलंदाजानं शतक ठोकलं होतं, तरी लोक त्यालाच शिव्या देत होते.

"शंभर काढून मॅच कुठं जिंकवली? सोताच्यासाठी खेळते!" टपरीवाला म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी उभा केलेला धंदा सोडून माझे भाऊ निघून गेले, तेव्हा तेही मला हेच बोलले होते, सगळं सोताच्यासाठी करतोस म्हणून.

"बाकीचे दहा काय पूजेले ठेवले होते का बे?" मी ओरडलो.

तो माणूस हसला. "माह्या बैलासंगचा बैल धानाच्या बांधीत, चिखलातच बसून जाते. लोक म्हणतेत, मोठ्याले विक. काऊन विकू जी? यानं तं ओढलं ना!"

"मग करणार काय?"

"जोडी पाहून राहिलो."

बोटांनी भाव करायला मी दुपट्ट्याखाली हात पुढे केला. त्यानं आपला हात दिलाच नाही.

माझ्या दावणीतला एकही बैल त्याच्या काठीला जुळला नाही. तो पुढच्या दावणीकडे गेला. भाऊ धंद्यात परत येतील याची वाट पाहणं मी त्याच दिवशी सोडलं आणि माझ्या तोडीचा भागीदार शोधायला लागलो.