मुक्ताच्या पुस्तकाला पुरस्कार, आणि दादाचं उत्तर

परवा रविवारी आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, जयेंद्रगंजात, इथल्या मराठी मंडळाने मुक्ताचा सत्कार केला. मुक्ता माझी भाची, दादाची मुलगी. ती अमेरिकेत साहित्य शिकवते, आणि लॅटिनो व चिकानो साहित्याच्या अभ्यासासाठी दिला जाणारा तिथला एक मानाचा पुरस्कार यंदा तिच्या ग्रंथाला मिळाला आहे...

जरा समजावून सांगते, मास्तरणीची सवय आहे. लॅटिन अमेरिकेत ज्यांची मुळं आहेत आणि अमेरिकेत ज्यांचं घर आहे, ते लॅटिनो. त्यांच्यातले मेक्सिकन वंशाचे अनेक जण स्वतःला अभिमानाने चिकानो म्हणवतात. काहींचे पूर्वज तर कुठून आलेच नव्हते... सीमारेषा सरकली आणि राहत्या घरी त्यांचा देश बदलला!

हा पुरस्कार कथा-कादंबरीला नसतो. त्या साहित्याकडे नव्या नजरेने पाहायला शिकवणाऱ्या संशोधनाला असतो. पुस्तक किती खपलं याच्याशी परीक्षकांना काही देणंघेणं नसतं.

मुक्ताने इंजिनिअरिंग सोडून साहित्य घेतलं, तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं जेवढ्यास तेवढं. कुणी विचारलं तर दादा "रिसर्च करते" म्हणून विषय बदलायचा. तिने पाठवलेलं पुस्तक त्याने कपाटात ठेवून दिलं असेल, असंच मी धरून चालले होते.

आमच्या मंडळात सत्कारमूर्तीची ओळख घरातल्या वडीलधाऱ्याने करून द्यायची पद्धत आहे. दादाने नाव, शिक्षण, नोकरी सांगितली आणि तो खाली बसला. मुक्ता मान खाली घालून शालीच्या गोंड्यांशी चाळा करत होती...

तेवढ्यात शिंदे की छावनीतले नानाकाका म्हणाले, "अभिनंदन बेटा! लेकिन मेक्सिकोवाल्यांचं कौतुक आपण कशाला करायचं? आपल्यावर लिहायला काही नव्हतं का?"

सभागृहात हशा पिकला. मी खुलासा करायला उठले, तर दादाने माझा हात धरून मला खाली बसवलं. "तू थांब. मी सांगतो."

"नानाकाका, तुमचा नातू घरी कसा बोलतो? अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आपण त्याला टोकतो. तिकडची मुलंही अशीच दोन भाषांत बोलतात, आणि त्यांच्या लेखकांनी त्याच बोलीत पुस्तकं लिहिली. लोक म्हणाले, भाषा बिघडली. मुक्ता दाखवते की ती बिघडलेली नाही, ती त्यांची आहे. तिसऱ्या प्रकरणात एक आई आहे. ती हिशोब इंग्रजीत करते, पण रागावते स्पॅनिशमध्ये..."

"आमच्या घरचंच सांगतोयस की!" नानाकाका म्हणाले.

"नाही. आपले पूर्वज इथे मराठा फौजेबरोबर आले, राज्य आपलं होतं. त्यांच्यावर राज्य दुसऱ्याचं आलं. हा फरक विसरायचा नाही, असं तिने सुरुवातीलाच लिहिलंय."

मी थक्क झाले. हे मी त्याला कधीच शिकवलं नव्हतं.

मुक्ता उभी राहिली होती. "बाबा... तुम्ही पढ़लंत?"

"पूरी किताब वाचली. डिक्शनरी घेऊन," दादा म्हणाला. "पाचवं प्रकरण कठीण आहे. घरी गेल्यावर समजावून दे."

पुरस्कार तर मोठाच आहे, आणि त्याचा अभिमान आम्हाला जन्मभर राहील. पण काल दुपारभर दादा पाचवं प्रकरण उघडून मुक्तासमोर विद्यार्थ्यासारखा बसला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच मध्ये एक शब्दही न बोलता दोघांना चहा नेऊन दिला...