शेपटीचा झुपका

मटणाच्या दुकानात सोललेला बोकड टांगलेला होता. शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका तेवढा राखलेला, मेंढी नव्हे, बोकडच आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून.

"कुठला आहे?" मी विचारलं.

"माणदेशातला, साहेब," खाटीक म्हणाला. झुपका काही गाव सांगत नाही, तेव्हा मी मान डोलावली.

माझी पुतणी प्रयोगशाळेत मांस तपासते. दुपारी जेवताना ती म्हणाली, जनावर जिथलं पाणी पितं, जिथला चारा खातं, त्याची खूण मांसात उतरते. तपासलं की मुलूख कळतो.

"मग मला तपासलंस तर आपलं गाव सापडेल?"

"नाही काका. इतकी वर्षं तुम्ही इथलं नळाचं पाणी पिताय. मांस बदलत राहतं. लहानपणीचं पाणी राहतं ते फक्त दातांत."

गावातली आमची विहीर कधीच बुजवली. तिचं पाणी प्यायलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

मी जिभेनं कवळी जरा सारखी केली. शेवटची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी नेणार का? मी म्हणालो होतो, काय करायचीय, टाकून द्या.